पूजेतला पाना

मी कर्जतला बाईंच्या दवाखान्यात कामाला आले, त्या सकाळी मला बाईंचे आधी पायच दिसले. अंगणात एक लांबट खड्डा, खड्ड्यावर एक बुटकी तीन चाकांची मोटार, आणि मोटारीखालून बाहेर आलेली दोन पावलं. टाचांना काळं तेल. मी ट्रंक खाली ठेवून नुसती उभी राहिले. खालून आवाज आला, "पाना दे." शेजारी फडक्यावर हत्यारं मांडलेली होती. त्यातलं सगळ्यात चांगलं दिसणारं मी उचलून दिलं. मग आवाज आला, "ही पक्कड आहे. तू नवी नर्स का?" मी हो म्हटलं. "मग आता पाना कोणता ते बघ, आणि दे." आमची ओळख झाली ती अशी. तोंड दिसायला आणखी पाऊण तास गेला.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच कपाळ पांढरं झालं होतं. सासर पोशीरचं, भातशेतीचं. पुण्याच्या मामानं हट्टानं मला सुईणपण शिकवून आणलं, आणि बाईंनी नर्स पाहिजे म्हणून कळवलं तेव्हा सासऱ्यांशी भांडून कर्जतला पाठवलं. सासरे तसे वाईट नव्हते. त्यांनी एवढंच सांगितलं, "एक वरीस बघू. काय वावगं कानावर आलं, तर त्याच दिशी बैलगाडी पाठवीन. मंग गपचीप बसायचं नि यायचं." त्या बैलगाडीच्या धास्तीत मी कर्जतला दिवस काढत होते. अंगणाबाहेर चाकांचा करकर आवाज आला तरी मी हातातलं काम टाकून दाराकडे बघायचे.

बाईंचं वय तेव्हा पंचेचाळीसच्या आसपास असेल. लग्न केलेलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारायची कुणाची छाती नव्हती. नऊवारी लुगडं, त्यावर पुरुषी खाकी कोट. कोटाच्या डाव्या खिशात थर्मामीटर, उजव्यात पाना. खिसे कधी बदलायचे नाहीत. "बदलले तर रोग्याच्या तोंडात पाना जाईल," असं त्या अगदी गंभीरपणे सांगत.

मोटार त्यांनी रेल्वेच्या एका साहेबाकडून घेतली होती. साहेब मायदेशी परत चालला होता आणि त्याच्या बायकोला बाईंनी विषमज्वरातून उठवलं होतं, म्हणून त्यानं जवळजवळ फुकटात दिली. पुढे दोन चाकं, मागे एकच, आणि इंजिन अगदी नाकावर उघडंवाघडं. गाडी जमिनीला इतकी लागून, की आत बसलं म्हणजे रस्त्यावर पाट मांडून बसल्यासारखं वाटे. समोरून आलेली कोंबडी नजरेला नजर देई. लोक तिला घोरपड म्हणायचे. "बाईची घोरपड आली रं," असं कुणी ओरडलं की दाराशी रोगी गोळा होत. बाईंना ते नाव आवडत असावं, कारण त्याही कधीकधी म्हणायच्या, "आज घोरपडीचा आवाज जड वाटतोय."

आमच्याकडचे रस्ते बैलगाडीचे. गाडीच्या दोन चाकोऱ्या आणि मधे गवताचा उंचवटा. चार चाकांची मोटार चाकोरीतून कशीबशी जाते. घोरपडीची पुढची दोन चाकं चाकोरीत आणि मागचं एकटं चाक त्या उंचवट्यावर. सगळी वाट तिचं पोट दगडाधोंड्यांना घासत जायचं. एवढा छळ सोसणाऱ्या इंजिनाला निदान तेल तरी चांगलं हवं, हा बाईंचा धर्म होता, आणि तो त्या दुसऱ्या कुणावर सोपवत नसत.

कर्जतला लॉऱ्या दुरुस्त करणारा एक मिस्त्री होता, भला माणूस. तो हात जोडून म्हणायचा, "बाई, तुमी रोगी बघा, मी गाडी बघतो."

"वाटेत बंद पडल्यावर तू असणार आहेस का?"

"मी कसा आसनार?"

"मग कोण असणार?"

"तुमीच."

"मग मलाच यायला हवं," असं म्हणून बाई खड्ड्यात उतरायच्या.

खड्डा त्यांनी मुद्दाम खणवून घेतला होता, कारण त्या गाडीखाली मांजरसुद्धा शिरलं नसतं. माणूस उताणा झोपेल एवढाच. गावात बोलवा होती की डॉक्टरीणबाईंनी आपली जागा आपल्या हातानं खणून ठेवली आहे. त्यांच्या कानावर ते गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बरंच झालं, दोन्ही कामं एकात."

तेल बदलायची त्यांची रीत ठरलेली. आधी गाडी रेल्वेच्या फाटकापर्यंत नेऊन आणायची, म्हणजे तेल तापून पातळ होतं आणि सगळा गाळ घेऊन बाहेर पडतं. मग दोन फळ्यांवरून पुढची चाकं खड्ड्याच्या दोन बाजूंना घ्यायची, मागचं चाक खड्ड्याच्या अलीकडेच ठेवायचं. खाली घमेलं. तळचा बोल्ट सोडायचा आणि हात चटकन मागे घ्यायचा. काळं तेल पडू लागलं की बाई त्यात बोट बुडवून चिमटीत चोळत, वास घेत, उन्हात धरून चमक दिसते का ते पाहत. चमक दिसली तर आत लोखंड झिजतंय. मला शिकवताना म्हणाल्या, "लघवी तपासतेस ना, तसंच आहे. शरीर आत काय करतंय ते बाहेर पडणारी गोष्ट सांगते." रोज सकाळी तेल मोजायची सळई बाहेर काढताना त्या गाडीला म्हणत, "जीभ दाखव." आणि लगेच पुढच्या रोग्यालाही त्याच आवाजात तेच म्हणत. निघालेलं जळकं तेल बँडेजच्या कापडातून गाळून ठेवायचं. गाडीवान बाटल्या घेऊन रांगेत उभे असत, आसाला घालायला.

बाईंच्या तोंडी एक प्रश्न असे, त्यानं मला पहिले तीन महिने रडवलं. पाणी उकळलं का, असं त्यांनी विचारलं आणि मी "झालं" म्हटलं, की त्या वळून बघत आणि विचारत, "झालं, की होत आलंय?" कात्र्या उकळल्या का? झालं. "झालं, की होत आलंय?" मला वाटायचं, ही बाई माणसावर विश्वासच टाकत नाही. पण खरं सांगायचं तर दहातल्या चार वेळा होत आलेलंच असायचं. पाण्याला नुसते बुडबुडे आलेले असायचे. पुढे कित्येक वर्षांनी बाई शेवटच्या दुखण्यात होत्या तेव्हा उशाशी मीच होते. कपाळावरून हात फिरवत मी विचारलं, "बाई, बरं वाटतंय ना?" डोळे न उघडता म्हणाल्या, "होत आलंय." मला रडू यायच्या आधी हसू आलं. ते त्यांना ऐकू गेलं असावं असं मी धरून चालते.

तर त्या पहिल्या वर्षीची गोष्ट. पावसाळाभर घोरपड शेडमध्ये बसून असे. रस्तेच नसत तर ती जाणार कुठे? नवरात्र आलं की खड्ड्यातलं पाणी उपसायचं, तेल बदलायचं आणि दसरा झाला की फिरती सुरू करायची. लढाईचे दिवस होते. पेट्रोल कुपनावर, आणि इंजिनाचं तेल तर डोळ्यांना दिसत नव्हतं. बाईंनी एक डबा कुठूनसा मिळवून कपाटात ठेवला होता, औषधाच्याही वरच्या फळीवर.

खंडेनवमीच्या सकाळी खालापूरहून बैलगाडी आली. एक बाळंतीण अडली होती. बाईंनी पिशवी उचलली, जाता जाता खिशातला पाना काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "तेल आज तू बदल. सगळं पाहिलेलं आहेस." बस, एवढंच. मी गाडी दिसेनाशी होईपर्यंत फाटकात उभी होते. माझ्यावर आजवर कुणी काही असं सोपवलं नव्हतं. सासरी तर दुधावर लक्ष ठेवायलाही दुसरं कुणीतरी असायचं.

घोरपड चालवायला मी पावसाळ्याआधी जेमतेम शिकले होते. रेल्वेच्या फाटकापर्यंत नेली, आणली, फळ्यांवर चढवली, तेल काढलं, चोळलं, वास घेतला, चमक पाहिली. बोल्ट पुसून हातानं बसवला आणि शेवटी आवळण्यासाठी खड्ड्याच्या काठावरचा पाना घ्यायला हात वर केला. पाना नव्हता.

बाईंकडे स्वयंपाकाला काकू होत्या. दिवस खंडेनवमीचा, म्हणून त्यांनी घरातली सगळी हत्यारं गोळा केली होती. कात्र्या, चिमटे, विळी, पक्कड आणि तो पानाही. धुवून, पाटावर मांडून, हळदकुंकू वाहून, झेंडूची फुलं घालून पूजा उरकली होती. मी तेलकट हातांनी दारात जाऊन उभी राहिले.

"काकू, पाना पाहिजे. एकदाच आवळायचंय."

"अगं, पूजा झाली की. आता दसरा उलटेपर्यंत हत्यार हलवत नाहीत." मग त्या घुटमळल्या. माणूस मायाळू, बोलायला जड जात होतं त्यांना. "आणि तू तर नकोच गं लावू हात. कुंकू लागलंय त्याला."

मी परत खड्ड्यात गेले. दातओठ खाऊन बोल्ट हातानं जेवढा आवळता येईल तेवढा आवळला. तो लाख मोलाचा डबा वरून इंजिनात ओतला. अर्धा तास खाली बघत बसले. एक थेंब पडला नाही.

संध्याकाळी बाई दमून आल्या. बाळंतीण सुटली होती. कोट काढता काढता विचारलं, "तेल?"

"झालं."

"झालं, की होत आलंय?"

आता वाटतं, तेव्हाच सांगून टाकायला काय झालं होतं? पण पाना का मिळाला नाही ते सांगायचं म्हणजे काकू काय म्हणाल्या ते सांगावं लागणार. ते माझ्या तोंडून मला नको होतं. आणि पहिल्यांदाच सोपवलेलं काम अपुरं राहिलं, हेही नको होतं. मी म्हटलं, "झालं, बाई."

दसरा गेला. दुसऱ्या सकाळी काकूंनी पूजा उचलली, पण पाना थेट बाईंच्या उजव्या खिशात गेला. तो कशेळ्याच्या बाजाराचा दिवस होता, आणि बाजाराच्या दिवशी आम्ही तिथे रोगी तपासायला जात असू. मी पुन्हा गाडीखाली पाहिलं. जमीन कोरडी होती. त्या कोरड्या जमिनीवर विसंबून मी गाडीत बसले.

कशेळं अर्ध्या कोसावर असताना घोरपडीचा आवाज बदलला. आधी खडखड, मग किंचाळल्यासारखा, आणि मग गाडी जागच्या जागी थांबली. बाई उतरल्या. सळई ओढली. कोरडी. वाकून खाली पाहिलं. बोल्टच्या जागी नुसतं भोक होतं.

मी म्हटलं, "बाई, झालं नव्हतं. होत आलं होतं."

त्या सरळ उभ्या राहिल्या. "पाना कुठे होता?"

"पूजेत. काकू म्हणाल्या, मी हात लावायचा नाही."

"काकू तसं म्हणाल्या ते मला समजतं. तू मला झालं म्हणालीस, ते नाही समजत." आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागला. "इंजिन मेलं तर मी बैलगाडीनं फिरेन. पण उद्या तुझ्या एका शब्दावर मी बाळंतिणीला तुझ्या हाती सोडून दुसरीकडे जाणार आहे. तो शब्द कसला असणार आहे?" त्यांनी आल्या वाटेकडे बोट दाखवलं. "जा. बोल्ट शोध."

मी उलट्या वाटेनं चालू लागले. मधल्या उंचवट्यावर तेलाचे थेंब होते. आधी विरळ, मग दाट, मग एका वळणावर धुळीत मोठा काळा डाग. बोल्ट इथेच पडला असणार. गुडघ्यांवर बसून गवत चाचपत होते, तेवढ्यात डोक्यावर मोळी घेतलेली ठाकूरवाडीतली एक म्हातारी थांबली. तिनं पदराची गाठ सोडली.

"ह्यो तुमचा हाय का गं बाय? ऊन व्हता. हात पोळला माजा."

मी तिच्या पाया पडले. ती दचकून मागे सरली आणि मोळी सावरत निघून गेली.

मी परतले तेव्हा गाडीभोवती बाजारला चाललेली माणसं जमली होती. त्यांत एक बैलगाडी पोशीरची होती, आणि तिच्यावर माझा दीर बसला होता. बाईंनी विचारणाऱ्यांना सरळ सांगून टाकलं होतं, की पाना पूजेत होता म्हणून बोल्ट ढिला राहिला. लोकांनी त्यातून आपल्याला हवं ते काढलं. एक म्हातारा म्हणत होता, "मंग बराबर हाय. नवमीच्या दिशी हिचा हात लागला गाडीला. गाडी मरनार नाय तं काय?"

दीर खाली उतरला. "वहिनी, चला. आबांनी तुमाला सांगितलंवतं. गाडी हितंच हाय."

ज्या गाडीला मी सहा महिने भीत होते ती समोर उभी होती. आणि घरी काय सांगितलं जाणार तेही कळून चुकलं होतं. एकदा माझ्या हाताला असं नाव पडलं की तालुक्यातलं कुठलंच घर मला बाळंतिणीजवळ येऊ देणार नव्हतं. माझे पाय गाडीच्या दिशेनं वळलेसुद्धा.

"नेशील तर ने," बाई दिराला म्हणाल्या. "पण हिनं घेतलेलं काम होत आलंय, झालेलं नाही. तेवढं होऊ दे. तोवर तू बाजारातून चार शेर एरंडेल घेऊन ये. माझं नाव सांग."

दीर अंगापिंडानं थोराड. पण बाईंनी एकदा त्याच्या पाठीतलं गळू कापलं होतं आणि तेव्हा तो ओक्साबोक्शी रडला होता. तो निमूटपणे गेला.

चार गड्यांनी घोरपड उचलून रस्त्याकडेच्या चरावर आडवी ठेवली. तिथे दुसरा खड्डा कुठला असणार? मी काष्टा खोचला आणि त्या सगळ्या पुरुषांदेखत चरात उताणी झोपले. बाईंनी वरून टाके घालायचा दोरा दिला, तो आट्यांवर गुंडाळला. मग पाना माझ्या हातात आला. त्याच्या खाचेत अजून कुंकू होतं. मी बोल्ट आवळला. हातानं लागतो आणि पान्यानं लागतो यात केवढं अंतर असतं, ते मला त्या दिवशी मनगटात कळलं.

दीर तेल घेऊन आला. बाईंनी इंजिनाचे प्लग काढले, औषधाच्या चमच्यानं आत थोडं थोडं एरंडेल सोडलं आणि घड्याळ हातात घेऊन झाडाखाली बसल्या. आत अडकून बसलेलं लोखंड तेलानं सुटेपर्यंत तासभर थांबायचं होतं. तेवढ्यात तिथेच सात-आठ रोगी तपासून झाले. मग उरलेलं एरंडेल इंजिनात ओतलं आणि बाई दिराला म्हणाल्या, "हँडल मार." पहिल्यांदा हललं नाही. दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्या खेपेला आतून कुरकुर झाली, हँडल फिरलं, आणि आणखी दहाएक झटक्यांनंतर घोरपड पांढरा धूर सोडत सुरू झाली. सगळीकडे जुलाबाच्या औषधाचा वास. पुढे लढाई संपेपर्यंत ती एरंडेलावरच धावली. गावोगावची पोरं तो वास आला की लपून बसत. त्यांना वाटे, आज घोट घ्यायचा दिवस आहे.

बाई माझ्याकडे वळल्या. "झालं, की होत आलंय?"

सगळे बघत होते. मी पुन्हा चरात उतरले, बोल्टला पाना लावला, तो पाव आटा आणखी फिरला. वर येऊन म्हटलं, "आता झालं."

बाईंनी खाली वाकून पाहिलं नाही. उकळत्या पाण्यातही बोट घालून बघणारी बाई ती. सरळ जाऊन गाडीत बसल्या आणि दिराला म्हणाल्या, "आता विचार तिला, यायचंय का."

मी बाईंच्या शेजारी जाऊन बसले. दीर रिकामा डबा हातात घेऊन उभा होता. "आबांना काय सांगू?"

"सांग, एक बोल्ट ढिला होता. तो तुझ्या वहिनीनं आवळला."

त्यानं घरी जाऊन नेमकं काय सांगितलं ते मला कधी कळलं नाही. पण बैलगाडी आली नाही, आणि वर्ष कधी संपलं तेही कुणी मोजलं नाही. नंतर या हातांवर किती मुलं जन्माला आली त्याचा हिशेब नाही. त्यातलं प्रत्येक मूल बाईंचं देणं आहे असं मी मानते. त्या असताना त्यांना हे एकदाही सांगितलं नाही, कारण त्यांनी काय विचारलं असतं ते मला ठाऊक होतं.

पुढच्या वर्षी पुन्हा खंडेनवमी आली. तेल मी आदल्या दिवशीच बदललं होतं. काकूंनी पाट मांडला, हत्यारं ठेवली. करंडा घेऊन त्या बसणार, तोच बाई आल्या. त्यांनी करंडा काकूंच्या हातून घेतला आणि माझ्यापुढे धरला.

"बाई, अहो," काकू म्हणाल्या.

"वर्षभर हा पाना कुणाच्या हातात होता? पूजा तिनं करायची."

मी कुंकवाला चार वर्षांत बोट लावलं नव्हतं. चिमटीतलं अर्धं पाटावरच सांडलं. पान्याला कुंकू लावलं, मग कात्र्यांना, मग चिमट्यांना. मग काकूंनीच परडीतलं झेंडूचं फूल काढून माझ्या हातात दिलं. बोटाला लागलेलं कुंकू कुठे पुसावं ते मला कळेना. बाई म्हणाल्या, "राहू दे." आणि लगेच, "पूजा झाली ना? मग पाना उचल आणि बोल्ट बघून ये."

मी कुंकवासकट पाना उचलला आणि खड्ड्यात उतरले. बोल्ट घट्ट होता. मला ते माहीत होतं, बाईंनाही माहीत होतं. तरी मी पाना लावला, आणि उताणी पडल्या पडल्या मला जे रडू फुटलं ते आवरेना. वर बाई काठाशी उभ्या होत्या. त्यांना माझे फक्त पाय दिसत होते.

बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "झालं, की होत आलंय?"

"होत आलंय, बाई."

"होऊ दे," त्या म्हणाल्या. "मी आहे इथे."